सॉर्टेक्स आणि सर्वज्ञ

भंडारा जिल्ह्यात कृत्रिम बुद्धिमत्ता येणार, अशी भाषणं गेली दोन-तीन वर्षं सभागृहांतून होत आहेत. ती चालू असतात त्याच वेळी तुमसरच्या एखाद्या राइस मिलमध्ये एक यंत्र निमूटपणे काळे दाणे बाहेर फेकत असतं. ते तिथं कित्येक वर्षांपासून आहे. त्याच्या स्वागताला पालकमंत्री आले नाहीत, फीत कापली गेली नाही, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक वगैरेही कोणी दिलं नाही. शेठजींनी कर्ज काढून ते आणलं, स्वतःच नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावलं.

त्याला इकडे सॉर्टेक्स म्हणतात. मूळ ही लंडनची कंपनी, १९४७ सालची. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज आपल्याकडून गेले त्याच वर्षी त्यांना चांगलं आणि वाईट वेगळं करण्याचं यंत्र सुचलं. दीडशे वर्षं आधी सुचलं असतं तर आपला शाळेतला इतिहास बराच आटोपशीर झाला असता. आता यंत्र चीनचं असो की कोइमतूरचं, मिलमध्ये ते सॉर्टेक्सच, आणि त्यातून निघालेला तांदूळही सॉर्टेक्सच. 'जय श्रीराम' हा आमच्याकडे तांदळाचा वाणही आहे, त्यामुळे किराणा दुकानात 'जय श्रीराम सॉर्टेक्स करून आहे की तसाच?' असं विचारलं तरी कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

यंत्राचं काम बघण्यासारखं असतं. वरून तांदूळ सुटतो आणि उतरत्या पन्हाळींवरून एकेका दाण्याच्या थरानं खाली येतो. दोन्ही अंगांनी कॅमेरे असतात. प्रत्येक दाण्याचा फोटो निघतो, तपासला जातो, आणि काळा, पिवळा, पोटात पांढरा किंवा तांदळाच्या वेषात शिरलेला खडा दिसला की नेमका त्याच्यावर हवेचा फटका बसतो. दाणा बाजूच्या कप्प्यात. शेजारचा सज्जन दाणा बहुतेक वेळा शाबूत राहतो, क्वचित सोबतीला जातो. तेवढा अन्याय कुठल्याही न्यायव्यवस्थेत होतोच. हे सगळं दाणा पडता पडता, खाली पोचायच्या आत उरकतं. चौकशी समिती नाही, म्हणणं मांडायला मुदतवाढ नाही, तारीख नाही. नव्या यंत्रांवर विक्रेते 'एआय' अशी दोन अक्षरं चिकटवून आणतात आणि त्यात तथ्यही आहे. पूर्वी कोणता रंग वाईट ते ऑपरेटरनं आकड्यांत सांगायचं. आता चांगल्या-वाईट दाण्यांचे नमुने दाखवले की यंत्र आपलं आपण शिकतं.

बऱ्याच मिलांत सॉर्टेक्सला काचेची खोली आणि एसी असतो. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, शेठजी कोंड्याच्या धुळीत टेबलपंख्याखाली बनियनवर बसलेले, हमाल गमछा पिळतायत, आणि आत यंत्र गारव्यात. पाहुण्यांना वाटतं, ती काचेची केबिन मालकाची असेल. मालकालाही मधूनमधून तसं वाटतं. काहीतरी विचारायच्या निमित्तानं तो आत जाऊन उभा राहतो.

सॉर्टेक्सचा मोठा गुण म्हणजे ते बोलत नाही. त्याला धानाचा भाव विचारा, देशाचं भवितव्य विचारा, ते फुसकन हवा सोडेल आणि पुढच्या दाण्याकडे बघेल. त्याला एकच गोष्ट कळते आणि ते तेवढीच करतं. ते यायच्या आधी हे काम बाया करायच्या, मांडीवर सूप आणि समोर ढीग. त्यांचा रोज गेला तेव्हा 'यंत्र माणसाच्या नोकऱ्या खाणार काय?' असा परिसंवाद भंडाऱ्यात, नागपुरात किंवा मुंबईत झाल्याचं ऐकिवात नाही. परिसंवाद सुरू झाले ते यंत्र निबंध लिहायला लागल्यावर. परिसंवादाला निबंध लिहिणारेच जातात, हे त्याचं साधं कारण.

तर निबंध लिहिणारी ही दुसरी जात. चॅटजीपीटी जगात आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. पण आमच्या जिल्ह्यात एखादी वस्तू आली असं म्हणायचं ते ती फुकट मिळायला लागल्यावर, आणि तो मुहूर्त २०२५ चा. जुलैत एअरटेलनं ग्राहकांना परप्लेक्सिटीची वर्षाची १७,००० रुपयांची वर्गणी फुकट दिली. ऑक्टोबरच्या शेवटी जिओनं जेमिनाय अठरा महिने फुकट जाहीर केलं, किंमत ३५,१०० रुपये. ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट. हिशेब केला तर दोन सिमकार्डवाल्या साध्या माणसाच्या खिशात पहिल्या दोन योजनांचीच बावन्न हजारांची बुद्धी आली. रिचार्ज मात्र दोन्ही सिमांचा उद्या संपणार होता.

या बुद्धीचं लोकांनी पहिलं काय केलं? फोटो काढले. मार्च २०२५ मध्ये जपानी कार्टूनपटासारखे चेहरे करून घ्यायची लाट आली, तेव्हा ओपनएआयच्या सॅम ऑल्टमननं जाहीर सांगितलं की आमच्या चिप्स वितळायला लागल्यात. सप्टेंबरात साडीची लाट आली. मोहाडीपासून लाखांदुरापर्यंत प्रत्येक मोबाइलमध्ये शिफॉनची साडी, वाऱ्यावर उडणारे केस, मावळतीचा सोनेरी उजेड आणि मागे कुठल्याशा हवेलीची भिंत. ज्या काकूंनी उभ्या जन्मात कॅमेऱ्याकडे पाहून हसणं अशोभनीय मानलं, त्या व्हॉट्सअॅपच्या डीपीत सत्तरच्या दशकातल्या नायिका होऊन उभ्या राहिल्या. काका मात्र त्यांना ओळखेनात. घरी कोणाची पाहुणी आली असं समजून त्यांनी दोन दिवस बनियनवर फिरणं बंद ठेवलं होतं.

फोटोंचा बहर ओसरल्यावर लोक प्रश्न विचारू लागले आणि इथं खरी गंमत सुरू झाली. कारण प्रश्नांची उत्तरं देणारी संस्था आमच्याकडे आधीपासून आहे. तिचं नाव पानठेला.

विदर्भात ज्याला पानठेला माहीत नाही त्याला विदर्भ माहीत नाही. तिथं खर्रा मिळतो, म्हणजे कायद्यानं मिळत नाही आणि ठेल्यावर मिळतो, आणि तो घोटून होईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबावं लागतं. त्या पाच-सात मिनिटांत जगातल्या सगळ्या विषयांचा निकाल लागतो. प्रत्येक ठेल्यावर एक ज्ञानी असतो. कपाशीपासून क्षेपणास्त्रापर्यंत त्याला काहीही विचारा, उत्तर तयार. 'मले मालूम नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. माहिती जितकी कमी तितकं उत्तर लांब, हा त्याचा नियम. वाचन दांडगं, पण ते सगळं पुड्या बांधलेल्या कागदांवरचं, त्यामुळे प्रत्येक बातमीची सुरुवात किंवा शेवट गायब. वाक्य सुरू करताना ते कुठं संपणार हे त्यालाही ठाऊक नसतं. एक शब्द तोंडातून पडला की पुढचा त्याला चिकटून येतो.

बोलक्या यंत्राचं इंजिन हुबेहूब असंच चालतं. २०१७ मध्ये गुगलच्या आठ जणांनी ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला, त्यावर आजचा हा सारा डोलारा उभा आहे. आधीचे शब्द बघायचे, पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त ते मोजायचं, तो ठेवायचा, पुन्हा बघायचं. मोजणी अफाट आहे, वाचनही अफाट आहे, पण खऱ्याची खात्री करून मगच तोंड उघडायचं हे मूळ रचनेत बसवलेलं नाही. आमच्या ज्ञान्यात आणि यंत्रात फरक एकच. 'नाही भाऊ, तसं नाही' म्हटलं की यंत्र ताबडतोब 'आपण अगदी बरोबर आहात, क्षमस्व' म्हणतं. पानठेल्यावर या कारणासाठी दोन घराण्यांत अजून बोलणं बंद आहे.

लाखनीकडच्या एका गावात यंत्राच्या या खात्री न करता बोलण्याचा प्रत्यय आला. गावाचं नाव सांगत नाही, लोक ओळखीचे आहेत. गावच्या तळ्याचं सुशोभीकरण करायचं ठरलं आणि फलकावर इतिहास हवा म्हणून एका तरुणानं यंत्राला विचारलं. यंत्रानं इतिहास दिला. तळं तीनशे वर्षांपूर्वीचं, कोहळी समाजातल्या कुशल कारागिरांनी बांधलेलं, नंतर मालगुजाराच्या ताब्यात, पाळीवर प्राचीन मंदिराचे अवशेष. भाषा इतकी भारदस्त की सरपंचांनी तो मजकूर ग्रामसभेत उभं राहून वाचला. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारबुवा उठले. 'हे तरं बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीतून खोदलं जी. म्या स्वतः मस्टर भरलं हाय,' ते म्हणाले. 'आन् ते अवशेष म्हंजे आमच्या मुकादमानं बसाले रचलेले गोटे.'

यंत्राचा दोष म्हणावा तर फार नाही. भंडारा-गोंदियात मामा तलाव शेकड्यांनी आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. त्यातले कितीतरी खरोखरच कोहळ्यांनी बांधलेले, काही शतकांपूर्वीचे, आणि उतार बघून पाणी अडवण्याचं त्यांचं ज्ञान आजच्या अभियंत्यानंही टोपी काढावी असं आहे. यंत्रानं विचार केला, भंडारा जिल्हा, तळं, म्हणजे कोहळी असणार. अंदाज उत्तम होता. फक्त ते तळं त्यात बसत नव्हतं. फलक मात्र लागला. सरपंच म्हणाले, छापून झाला आहे आणि वाचायला बरा वाटतो. म्हातारबुवांनी तक्रार मागे घेतली, कारण मजकुरात 'कुशल कारागीर' असा शब्द होता आणि नीट पाहिलं तर तो त्यांनाही लागू होत होता.

शेतीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद केली, आणि महाविस्तार नावाचं ॲप आणलं, ज्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. कल्पना चांगली आहे, आणि मी हे उपहासानं म्हणत नाही. पहाटे चार वाजता पिकाची काळजी वाटली तर कृषी सहायकाला उठवता येत नाही, ॲपला येतं. धानावर तुडतुडा आला, काय करू, असं विचारा. बांधीतलं पाणी काढा, युरिया आवरता घ्या, हवा खेळू द्या, पिकाच्या बुंध्याशी बघा, असं क्रमवार उत्तर येतं, आणि ते बरोबर असतं. शेतकऱ्याला ते आधीच माहीत असतं, हा भाग वेगळा. त्याच्या वडलांनाही माहीत होतं. शेवटी एक ओळ येते, 'अधिक माहितीसाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्या.' शेतकरी फटफटीला किक मारून तज्ज्ञांकडे जातो. तज्ज्ञ म्हणतात, 'थांब, विचारतो,' आणि खिशातून मोबाइल काढतात.

पण त्याच्याही आधी टावरचा प्रश्न येतो. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आहे. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. उपग्रह बघतो की माणूस खरंच आपल्याच गटात उभा आहे. ही नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदीत धान विकताना अडचण. आता शेत जिथं आहे तिथं टावर नाही, आणि टावर जिथं आहे तिथं दुसऱ्याचं शेत आहे. त्यामुळे पावसाळा सरता सरता आमच्या भागात एक दृश्य हमखास दिसतं. धुऱ्यावर एक माणूस एका हातात मोबाइल उंच धरून, दुसऱ्या हातानं लुंगी सावरत, चिखलातून अर्धवर्तुळात फिरतोय. परगावच्या माणसाला वाटतं, काही विधी चालला असावा. बायको बांधीतून ओरडते, 'आला का?' तो म्हणतो, 'एक दांडी आली.' मग 'गेली.'

या एका दांडीच्या पलीकडच्या टोकाला जे यंत्र बसलेलं असतं त्याचा थाट सांगतो. एनव्हिडिया कंपनीनं मार्च २०२४ मध्ये ब्लॅकवेल नावाची चिप दाखवली. एका चिपेत २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर. अशा बहात्तर चिप्स एका उभ्या कपाटात बसवायच्या. ते कपाट तेरा-साडेतेरा क्विंटल भरतं, चालू असताना साधारण १२० किलोवॉट वीज घेतं, आणि त्याला पंख्याचा वारा पुरत नाही म्हणून नळ्यांतून गार द्रव फिरवावं लागतं. १२० किलोवॉट म्हणजे पाच हॉर्सपॉवरचे बत्तीस कृषिपंप. एका कपाटाला! अशी कपाटं एकेका डेटा सेंटरमध्ये शेकड्यांनी, हजारांनी. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं येते, त्यातली रात्रपाळी असली तर बॅटरी आणि काठी घेऊन, बिबट्याची किंवा सापाची आठवण काढत जावं लागतं. कपाटाला रात्रपाळी नसते. त्याची वीज अर्धा मिनिट गेली तर तिकडे चौकशी बसते.

केंद्र सरकारच्या इंडिया एआय मिशनमध्ये, ज्याला मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले, अशा चिप्स संशोधकांना सवलतीत भाड्यानं मिळतात, एका चिपेला तासाला ६५ रुपयांच्या आसपास. ही बातमी मी रोवणीला जाणाऱ्या एका काकूंना सांगितली. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. 'आठ तासाचे पाचशेवीस. आन् जेवन?' म्हटलं, जेवत नाही, वीज खाते. 'मंग मायापेक्षा महाग पडते,' असा निर्णय देऊन त्या पऱ्ह्यांची जुडी उचलून पाण्यात उतरल्या.

इतकी वीज आणि गारव्यासाठी पाणी लागतं म्हटल्यावर पानठेल्यावर कल्पना निघालीच, की डेटा सेंटर भंडाऱ्यात का नको? ज्ञान्यानं बोटांवर मोजून सांगितलं. पाणी आहे, वैनगंगा आहे, तलावांचा जिल्हा आहे. जागा आहे. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन २०१३ मध्येच झालेलं आहे, तिथं सौर पॅनेल बनणार होते, कारखाना काही उभा राहिला नाही. 'म्हंजे नवीन भूमिपूजनाचा खर्च वाचला. तेच वापरा. वापरलेलं असलं तरी नव्यासारखं आहे.'

भूमिपूजनाच्या बाबतीत आमचा अनुभव मोठा. १९८८ साल घ्या. त्या वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षी २२ एप्रिलला पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. भूमिपूजनाला आले होते राजीव गांधी. संगणकाचं वेड असलेला पंतप्रधान म्हणून ज्यांची टिंगलही झाली आणि स्तुतीही. सी-डॅकपुढे काम होतं महासंगणक बनवण्याचं, कारण अमेरिका आपल्याला हवा तो क्रे संगणक विकायला तयार नव्हती. प्रमुख विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातले, म्हणजे विदर्भाचेच. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच्यानंतर परमच्या पिढ्या झाल्या, आणि २०२० च्या नोव्हेंबरात परम सिद्धी-एआय जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर बसला. गोसेखुर्दचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे हजारो कोटींत गेला, आणि इतकी वर्षं उलटूनही प्रकल्प पूर्ण झाला असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला जिल्ह्यात भेटलेला नाही. पानठेल्यावरचा ज्ञानीही या विषयावर खर्रा तोंडात धरून गप्प बसतो. (ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचा हिशेब वेगळा आहे. तो विनोदी लेखात मांडायचा नसतो.)

चिप्सच्या धंद्यातले मोठे आकडे आमच्यापर्यंत पोचत नाहीत. डीपसीक नावाच्या चिनी यंत्रानं कमी खर्चात तेवढीच हुशारी दाखवली आणि २७ जानेवारी २०२५ ला बाजार घाबरला. एका दिवसात एनव्हिडियाचं मूल्य ५८९ अब्ज डॉलरनं घटलं, म्हणजे जवळपास पन्नास लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. अशी सात वर्षांची महाराष्ट्रं एका सोमवारी हवेत गेली आणि भंडाऱ्यात चहाचा कपही हलला नाही. लाभ आपल्याला नाही तर तोटाही नाही, असं समाधान आम्ही मानून घेतलं. ते वर्षाअखेरपर्यंत टिकलं.

कारण वर्षाअखेरीस रॅम महागली. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या चिप्सला खास जातीची मेमरी लागते आणि तिचे पैसे भरपूर मिळतात, तेव्हा कारखान्यांनी मोर्चा तिकडे वळवला. साध्या कॉम्प्युटरच्या रॅमचा भाव दोन-तीन महिन्यांत दुपटीच्या पुढे गेला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं साध्या गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंदच करायचं जाहीर केलं.

आमच्या शेजारचा मुलगा नागपूरला इंजिनीअरिंग करतो. त्याला रॅम हवी होती कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, आणि प्रोजेक्ट अर्थातच एआयवर. तो तिथल्या बर्डीच्या बाजारात गेला, भाव ऐकला, घासाघीस करून घरी पैसे मागायला आला, पैसे घेऊन परत गेला. दुकानदार म्हणाला, 'कालचा भाव कालच्या गिऱ्हाइकाले.' मुलगा तसाच परतला आणि विचार करत खाटेवर पडला असताना त्याची नजर माळ्यावर गेली. माळ्यावर पितळी गुंड होता.

भंडारा ही पितळेची नगरी. एकेकाळी इथल्या घरात पितळ किती यावरून सोयरीक ठरायची, आणि गुंड, गंज, कोपर असा सरंजाम नवरीबरोबर जायचा. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि पितळ माळ्यावर गेलं. आता मुलानं काय वाचलं होतं, तर त्या बहात्तर चिप्सच्या कपाटात पाच हजारांवर तांब्याच्या तारा असतात, डेटा सेंटरं तांबं ओढून घेतायत, आणि २०२५ मध्ये तांब्यानं भावाचे उच्चांक मोडले. पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच. त्याच्या डोक्यात साखळी जुळली. ज्या एआयनं रॅम महाग केली त्यानंच गुंडही महाग केला. तेव्हा गुंड विकून रॅम घ्यावी, हिशेब जागच्या जागी मिटतो. अर्थशास्त्र म्हणून मला यात चूक दिसेना. मी तसं बोललो नाही, कारण त्याची आई तिथंच उभी होती.

'मायाकडचा गुंड आहे तो,' ती म्हणाली. मुलानं तिला जागतिक तांबे बाजार समजावला. तिनं ऐकून घेतला, पदराला हात पुसले आणि आपला मोबाइल काढला. तिच्या सिमवर ती फुकटवाली बुद्धी होती. तिनं तोंडानं विचारलं, 'माया आईनं देल्लेला पितळेचा गुंड पोरगा विकतो म्हणते, काय करू?' उत्तर छापील मराठीत आलं. हा केवळ एक धातूचा तुकडा नसून आपल्या आठवणींचा अमूल्य ठेवा आहे, तो जपणं ही आपल्या परंपरेची सेवा आहे, चिंच आणि मीठ लावून हलक्या हातानं घासावा, ओला ठेवू नये.

'पाय,' आई म्हणाली, 'मशीनले समजते, तुले नाही.'

मुलानं आपला मोबाइल काढला आणि त्याच बुद्धीला विचारलं, घरातल्या जुन्या, वापरात नसलेल्या पितळी भांड्यांतून शिक्षणासाठी पैसे कसे उभे करावेत? उत्तम प्रश्न, असं म्हणून यंत्रानं पाच मुद्दे दिले. पहिला मुद्दा, दोन-तीन ठिकाणी भाव काढावा. पाचवा, भावनिक गुंतवणूक बाजूला ठेवून व्यवहारी निर्णय घ्यावा. मायलेकांनी आपापले मोबाइल एकमेकांसमोर धरले. बावन्न हजारांची बुद्धी एकाच खोलीत स्वतःच्या विरुद्ध उभी होती, आणि दोन्हीकडून तितक्याच आदरानं बोलत होती.

रॅम अजून आलेली नाही. गुंड चिंच लावून लख्ख घासून झाला आहे. मुलगा रोज सकाळी रॅमचा भाव बघतो. परवा कळलं, आईही बघते, पितळेचा.